अवेळी वाजलेला भोंगा

"मंत्रिसाहेबांची गाडी गेटातून आत वळली की भोंगा वाजवायचा. चांगला लांब. साहेबांना एकदम जुन्या काळात गेल्यासारखं वाटलं पाहिजे."

काळे सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं त्या भोंग्याखालीच उभे होतो. उद्घाटन अगदी तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "सर, एवढं सोडून काहीही सांगा."

"का बरं?"

"अवेळी भोंगा म्हणजे आग. इथल्या बायांना विचारा."

सर हसले. "मॅडम, जिनिंग बंद पडून जमाना झाला. आता कसली आग?"

काळे सर आमच्या ट्रस्टचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण उभी हयात वरून येणाऱ्या साहेबांच्या स्वागतात गेलेली. शाळा तपासायला कोणी आलं की पोरांना उन्हात रांगेत उभं करायचं आणि टाळ्या वाजवायला लावायच्या, ही त्यांची कार्यक्रमाची कल्पना. ती त्यांनी शाळेतून थेट संग्रहालयात आणली होती.

खामगावात शहराचा इतिहास आणि संस्कृती मांडणारं नवं संग्रहालय उभं राहत होतं. कापसाचं गाव, म्हणून जागाही एका जुन्या जिनिंगची घेतली होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कोणती जिनिंग ते सांगत नाही. मालक घराण्यातले दादासाहेब आता ट्रस्टचे अध्यक्ष होते. जागा त्यांची, दगडी गोदाम त्यांचं, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की इतिहासही त्यांचाच.

मी तिथली प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर. बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हे काम कॉन्ट्रॅक्टवर धरलं. रोज एसटीने बोथ्याचा घाट उतरून यायचं, संध्याकाळी चढून जायचं. लोकांना वाटतं, प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर म्हणजे हारतुरे आणि चहाची ऑर्डर. तेही असतं. पण खरं काम वेगळं. कपाटं आणि भिंती क्युरेटर बघतो. त्या भिंतींमध्ये गावातली माणसं यावीत, बोलावीत, हे आपलं आहे असं त्यांना वाटावं, ते मी बघायचं.

त्यासाठी एक दालन ठेवलं होतं, आवाजांचं. आमच्या धंद्यात याला ओरल हिस्ट्री म्हणतात. ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांच्या तोंडून ऐकून जपलेला इतिहास. बाकावर बसायचं, हेडफोन लावायचा आणि गावातल्या माणसाला ऐकायचं. कल्पना कागदावर फार छान होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आवाज कोणाचे, हे कोणी विचारलं नव्हतं.

मी जिनिंगमागच्या वस्तीत जायला लागले. तिथे अजून म्हाताऱ्या बाया होत्या, ज्यांनी जवानी मशीनवर कापूस लावण्यात घालवली होती. पहिले काही दिवस त्या मला निराधार योजनेवालीच समजल्या. कागद आणून दाखवायच्या. मी ते वाचून समजावून द्यायची, मग चहा व्हायचा, मग बोलणं. असं करत करत गोदाबाईंपर्यंत पोचले.

गोदाबाई किडकिडीत, ताठ, बोलायला फटकळ. शेवटची काही वर्षं त्या बायांच्या मुकादमीण होत्या, म्हणजे बायांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या. अजूनही वस्तीतली कोणती बाई कुठे गेली, कधी आली, हे त्यांना न विचारता माहीत असायचं. भोंग्याचा नियम मला त्यांनीच सांगितला.

"सकाउनचा भोंगा कामावर याचा. पाचचा सुट्टीचा. अन् मधीच वाजला का समजाचं, आग. मंग इचाराचं नाई. हातातलं टाकाचं, पदर नाका-तोंडाले बांधाचा, अन् गेटाभायेर निंबाखाली लाईन लावाची. बाया पयले, मंग गडी. मुकादम मानसं मोजे. कमी भरलं तं समजाचं कोनी आत हाय."

"हे शिकवायचे का तुम्हाला?"

"शिकोनं कायचं? पयल्याच दिवशी सांगत. अन् रुई कशी पेटते हे एकडाव पाह्यलं, का कोनाले सांगा लागत नाई."

रुई म्हणजे सरकी काढलेला मोकळा कापूस. ठिणगी पुरते. अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाच्या अंगात तो नियम कायमचा बसतो. वस्तीतल्या एका बाईंना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, पण रुग्णवाहिका जवळून गेली की त्या उठून उभ्या राहायच्या. लेकी-सुना हसायच्या.

आगीचा विषय मी काढला नाही. गोदाबाईंनीच काढला, बऱ्याच भेटींनंतर. त्यांची थोरली बहीण यमुना याच जिनिंगच्या आगीत गेली होती. गावात आजही कोणालाही विचारा, गोष्ट एकच सांगतील: यमुना नावाची एक बाई मशीनजवळ विडी ओढत होती, तिने आग लावली आणि स्वतःही मेली. खुद्द काळे सरांनी मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ही गोष्ट अशीच सांगितली होती. वर म्हणाले होते, काय हा निष्काळजीपणा.

"विडी?" गोदाबाई म्हणाल्या. "माही बहीन तमाखू खाये, मॅडम. चुना लावून. विडी तिनं जल्मात तोंडाले लावली नाई. कापसात खडा आला, मशीनवर ठिनगी उडाली. म्या पाह्यली ना, मी तिच्या बाजूलेच होती. धूर झाला तं मॅनेजर म्हने, बादल्या मारा, इझते. हंगाम होता. भोंगा वाजवला तं समदे भायेर जातीन, काम बंद पडंन. म्हनून भोंगा नाई वाजवला. वाजवला तवा आर्धं गोदाम पेटलं होतं. यमुना ढिगाच्या मांगं होती."

मी विचारलं, "मग विडीचं कुठून आलं?"

"चौकशीले साहेब आले, तं मॅनेजरनं त्यायले विडी सांगतली. मेलेलं मानूस काय म्हनंन, नाई म्हून? तिची पोट्टी लहान होती, वच्छला. मोठी झाली तं लगन जुळे ना. आग लावनारीची पोट्टी म्हनत. शेवटी लांब, संग्रामपूरकडे देली."

ही गोष्ट त्यांनी चौकशीच्या वेळी कोणाला सांगितली नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गेटातून त्यांना कामाला जायचं होतं. नंतर ऐकणारं कोणी राहिलं नाही. आता त्यांना ती सांगायची होती. मला एकटीला नाही, रेकॉर्डरलाही नाही. गावासमोर, त्याच जागेत, माईकवर. आणि वच्छला समोर बसलेली असताना.

"एकडाव समद्यायच्या कानावर घालून देतो," त्या म्हणाल्या. "मंग तुमी त्या डबीत भरा का भिंतीले लावा. पन पयले मानसायसमोर."

मी शब्द दिला. त्यांची एक अट होती. भोंगा वाजवायचाच असेल तर पाचलाच वाजवायचा, सुट्टीचा म्हणून. मधे नाही. मला ती अट फार योग्य वाटली आणि सोपीही वाटली. कार्यक्रम चारचा. गोदाबाई बोलतील, मग भाषणं, आणि पाचला भोंगा होऊन सगळे दालनं बघायला आत जातील. मी रनशीट तयार केलं. रनशीट म्हणजे कार्यक्रमाचं आतल्या लोकांसाठीचं वेळापत्रक. पत्रिकेवर नुसतं 'उद्घाटन सोहळा' असतं. रनशीटवर समई कुठे, काडेपेटी कोणाच्या खिशात, माईक कोण हातात देणार, हे सगळं असतं.

रनशीट दादासाहेबांकडे गेलं आणि मला बोलावणं आलं. दादासाहेबांच्या बैठकीत नेहमी दोन-चार माणसं उगाच बसलेली असायची. दादासाहेब बोलले की त्यांनी मान हलवायची. तीही त्या दिवशी होती, आणि काळे सरही.

"हे गोदाबाईचं काय हाय, मॅडम?"

"मनोगत. इथे काम केलेल्या बायांच्या वतीने."

"आगीचं बोलनार हाय का ते?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो. त्यांची बहीण गेली त्यात."

"बहिनीच्या विडीनंच तं लागली होती. सारं गाव जानते." दादासाहेबांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, गरजच पडायची नाही. "हे पाहा, आपल्याले पॉझिटिव्ह दाखवाचं हाय. खामगावचा कापूस, खामगावचं वैभव. जुन्या भानगडी काऊन उकरून राह्यल्या तुमी?"

मी म्हटलं, "दादासाहेब, अनुदानाच्या प्रस्तावात आपणच लिहिलंय, लोकसहभाग. त्याचे फोटो आणि व्हिडिओ वर पाठवायचे आहेत. कामगार बाया आल्या नाहीत तर लोकसहभाग कशाचा दाखवणार? आणि गोदाबाई बोलणार नसतील तर बाया येणार नाहीत."

हे मात्र लागू पडलं. माणुसकीवर बोलले असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं. दादासाहेबांनी काळे सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

"बरं, बोलू द्या. दोन मिनिटं. म्हातारं मानूस हाय, सांभाळून घेऊ."

निघताना मी भोंग्याचं पुन्हा काढलं. पाचलाच वाजेल, अवेळी नाही, असं काळे सरांकडून दादासाहेबांसमोर वदवून घेतलं. सर म्हणाले, "हो हो, तुमचं रनशीट म्हणजे रनशीट."

भोंगा पूर्वी बॉयलरच्या वाफेवर वाजायचा. बॉयलर भंगारात गेलेला. सलीमभाई म्हणून एक मेकॅनिक होते, त्यांनी कॉम्प्रेसरची हवा जोडून तो चालू केला. आवाज तसाच आला. चाचणीच्या दिवशी मी आधी वस्तीत घरोघरी फिरून सांगून आले, की आज वाजणार आहे, घाबरू नका. तरी बाया दारात येऊन उभ्या होत्या. सलीमभाईंना मी रनशीटची प्रत दिली आणि पाचवर लाल खूण करून दिली. "पाचच्या आधी कोणी काहीही सांगितलं तरी नाही," म्हटलं. ते म्हणाले, "आप फिकर मत करो मॅडम."

उद्घाटनाच्या दिवशी बाया वेळेच्या आधी आल्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी काढलेली. दुसऱ्या रांगेपासून त्यांना बसवलं. पहिली रांग पाहुण्यांची, पण वच्छलाताईंना मी पहिल्या रांगेत कडेला बसवलं. त्या पहाटेच संग्रामपूरहून निघाल्या होत्या. पन्नाशीच्या, अबोल बाई. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मावशी माईकवर बोलनार हाय ना, मॅडम? खरंच ना?" मी म्हटलं, खरंच.

मंत्री चारला येणार होते. चार वाजले. साडेचार झाले. साहेब कुठल्याशा लग्नाला थांबलेत, असा निरोप आला. मांडव भरलेला, लोक चुळबुळायला लागले, मागच्या काही खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. काळे सर घामाघूम. म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या बाई आहेत ना, त्यांना आत्ताच बोलू द्या. तेवढाच वेळ जाईल."

वेळ जाईल. शब्द कानाला टोचला, पण मला आनंदच झाला. मंत्री नाहीत म्हणजे दोन मिनिटांचं बंधन नाही. मी गोदाबाईंना स्टेजवर घेऊन गेले, माईक स्टँडवरून काढून त्यांच्या हातात दिला, आणि जिन्याच्या कडेला उभी राहिले.

त्यांनी बायांकडे पाहिलं आणि सुरू झाल्या. सकाळच्या भोंग्याला घरातून कसं पळत निघायचं, पोरगं पाठीला बांधून कसं काम करायचं, नाका-तोंडात रुई जाऊन खोकला कसा यायचा. बाया हसत होत्या, माना डोलावत होत्या. मागे निघालेले लोक थांबले. एक-दोघं परत येऊन बसले. मी कितीतरी कार्यक्रम केलेत. समोरची माणसं कधी ऐकायला लागतात ते मला कळतं. ती ऐकायला लागली होती.

"आता मी तुमाले माह्या बहिनीचं सांगतो," गोदाबाई म्हणाल्या. वच्छलाताई खुर्चीत पुढे सरकल्या. "यमुना तिचं नाव. तुमी समद्यायनं आयकलं हाय, का तिनं विडी..."

आणि भोंगा वाजला.

मी गेटाकडे पाहिलं. गाड्या आत वळत होत्या आणि काळे सर हात वर करून सलीमभाईंना इशारा करत होते, अजून, अजून.

बाया उठल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी ओरडलं नाही. पदर सुटले, नाका-तोंडाला बांधले गेले आणि त्या खुर्च्यांमधून बाहेर पडायला लागल्या. म्हाताऱ्या, गुडघे धरून चालणाऱ्या, पण एकीचाही धक्का दुसरीला लागला नाही. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना दोघींनी काखेत धरलेलं. लोक वळून बघत होते, काही हसत होते, मोबाइल वर निघाले होते. गोदाबाईंनी हातातला माईक पाहिला, तो नीट स्टँडवर अडकवला, पदर बांधला आणि सगळ्यांच्या शेवटी त्याही निघाल्या. मुकादमीण शेवटी निघते. मी त्यांचा हात धरला, "गोदाबाई, आग नाहीये, मंत्री आलेत." त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. हात सोडवून घेतला आणि गेल्या.

गेटाबाहेर कडुनिंबाखाली बायांनी लाईन लावली. गोदाबाई एकेकीच्या खांद्याला हात लावत मोजत होत्या. बायांमुळे गाड्या गेटातच अडकल्या होत्या, मंत्री तिथेच उतरले. समोर रांगेत उभ्या कामगार बाया, पाठीमागे भोंगा. साहेब खूश झाले. हात जोडून पूर्ण रांगेसमोरून चालत गेले. फोटोग्राफर पुढे पळाले. दादासाहेब साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, "आमच्या कामगार भगिनी. सोताहून आल्या." मी तीन पावलांवर होते. मी हे माझ्या कानांनी ऐकलं.

मी तडक जाऊन काळे सरांना गाठलं. "सर, पाचला ठरलं होतं!"

"अहो मॅडम, पाचला दहाच मिनिटं कमी होती. काय फरक पडतो? आणि पाहा ना, किती सुंदर झालं! रांगेची कल्पना तुमची का?"

बाया परत येईपर्यंत त्यांच्या खुर्च्यांवर मंत्र्यांबरोबर आलेली मंडळी बसली होती. बाया मागे कनातीला टेकून उभ्या राहिल्या. वच्छलाताई तेवढ्या बसून होत्या. त्या कधी जिनिंगमध्ये कामाला नव्हत्या, म्हणून भोंग्याला उठल्या नव्हत्या. एक स्वयंसेवक त्यांच्याकडे आला आणि ही रांग रिकामी करायची आहे म्हणाला. त्या पिशवी घेऊन उठल्या, माझ्याजवळ आल्या. "मॅडम, मावशीचं बोलनं आता कवा हाय?"

मी स्टेजवर चिठ्ठी पाठवली. काळे सरांनी ती वाचून खिशात घातली. दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार. आपल्याकडे सत्कार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शाल, श्रीफळ, फोटोसाठी थांबायचं, पुढचा. कंत्राटदाराचा झाला, कनातवाल्याचा झाला, फीत कापायची कात्री ताटात घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीच्या वडिलांचाही झाला. मंत्री बोलले, खामगावच्या कष्टकरी माता-भगिनींना वंदन करून निघाले. त्यांच्यामागे दादासाहेब, दादासाहेबांच्या मागे सगळा मांडव.

मी माईक बंद करू दिला नाही. साउंडवाला वायरी गुंडाळत होता, त्याला थांबवलं आणि गोदाबाईंना म्हटलं, "या, आता बोला. मी रेकॉर्ड करते. जे आहेत ते ऐकतील."

त्यांनी मांडवावर नजर फिरवली. पोरं खुर्च्या एकात एक घालत होती.

"खुर्च्यायले सांगू का?" त्या म्हणाल्या. मग वच्छलाताईंना, "चाल व. तुही शेवटची गाडी जाईन."

सलीमभाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. मान खाली. "सेक्रेटरी साहब ने हाथ दिखाया, मॅडम. मैंने रनशीट दिखाया तो बोले, बदल गया." पगार त्यांनाही तिथूनच होता.

पुढे अनेकांनी मला विचारलं, दादासाहेबांनी मुद्दाम तिचं बोलणं बंद पाडलं का? मी सांगते, नाही. मी खूप शोधलं, तसं काही नव्हतं. गाडी आली की भोंगा, हे सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि माईकवर कोण आहे हे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान गोदाबाईंना कोणीतरी घाबरलं, एवढं तरी समाधान मिळालं असतं.

पेपरात फोटो आला. तोंडाला पदर बांधलेल्या बायांची रांग आणि हात जोडलेले मंत्री. खाली छापलं होतं, पारंपरिक पद्धतीने स्वागत करताना जिनिंगच्या माजी महिला कामगार. काळे सरांनी तो मोठा करून फ्रेम केला आणि आवाजांच्या दालनात लावायला पाठवला. मी लेखी हरकत घेतली. ही स्वागताची रांग नाही, आगीची रांग आहे, फोटो लावायचाच तर खाली खरं लिहा, असं कळवलं. उत्तर आलं नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ते पुढे वाढवलं नाही, एवढंच.

जाण्याआधी मी रेकॉर्डर घेऊन गोदाबाईंकडे गेले होते. त्यांनी चहा दिला. रेकॉर्डर पिशवीतून काढू दिला नाही.

"आता काय सांगाचं, मॅडम? थो फोटो समद्या गावानं पाह्यला. लोक म्हन्तात, गोदी मंत्र्याच्या सागताले उभी राह्यली. ज्यायनं बहिनीले आग लावनारी म्हनलं, त्यायच्याच दारात. आता म्या त्यायच्याविरुद्ध बोल्लं, तं कोन खरं मानन?"

वच्छलाताईंनी त्या दिवसापासून मावशीला फोन केला नव्हता. पेपर संग्रामपूरलाही जातो.

मध्यंतरी तिकीट काढून संग्रहालय बघून आले. एक शाळेची सहल आली होती. गाइड चुणचुणीत होता, त्याला मी ओळखत नव्हते. भोंग्यापाशी त्याने मुलांना थांबवलं आणि सांगितलं, की पूर्वी इथे एका कामगार बाईच्या विडीमुळे मोठी आग लागली होती, म्हणून मुलांनो, कधी विडी-सिगारेट ओढायची नाही. मुलं एका सुरात हो म्हणाली. आवाजांच्या दालनात हेडफोन आहेत. त्यात सनई लावली आहे.

त्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी अशी कामं घ्यायला गेले. दोन्हीकडे पहिल्याच मीटिंगमध्ये एक अट घातली: ज्यांना बोलायला बोलवाल त्यांचं बोलणं संपेपर्यंत पाहुण्यांची गाडी गेटाबाहेर थांबेल. दोन्हीकडे माझं म्हणणं अगदी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा पाजला.